हिरव्या गाडीचा पारखी

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि लिहितात. मी बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलो, तेही ओझी ओढणारी एक जुनी डिझेल गाडी निवडायला. मला कोणीही लिहा म्हटलेलं नाही. पण त्या आठवड्यात मी जे काही केलं, ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

आधी माझी लायकी सांगतो. पुण्यात तेलावर चालणारी इंजिनं विकणाऱ्या एका पेढीत मी टंकलेखक आहे. ‘अश्वशक्ती’ हा शब्द मी दिवसातून चाळीस वेळा टंकतो. अश्व आणि शक्ती या दोन्हींशी माझा संबंध तेवढाच. पण लग्नाच्या पंगतीत माझ्या सासरकडच्या कोणीतरी विचारलं, “जवाईबापू काय करतात?” आणि श्रीखंडाच्या भरात मी म्हणालो, “इंजिनांचं बघतो.” हे वाक्य खोटं नव्हतं. खिडकीतून रोज दिसतात ती.

दोन वर्षांनी त्या वाक्याला फळ आलं. सासऱ्यांचं पत्र आलं: ‘कॉम्प्रेसर ओढण्यास जुनी डिझेलची गाडी घेणे आहे. आपण इंजिनांचे जाणकार. चैत्रात सवड काढून यावे. तांब्याचा खांदा सुजला आहे.’

तांब्या हा त्यांचा बैल. कॉम्प्रेसर म्हणजे विहिरीतला खडक फोडण्याआधी त्यात भोकं पाडणारं यंत्र. सासऱ्यांनी ते चार चाकांवरचं धूड दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं, आणि ज्याच्या विहिरीला खडक लागेल त्याच्या गावी ते घेऊन जात. ओढायला बैलांच्या दोन जोड्या. आता बैल थकले होते.

पत्र वाचून मी बायकोकडे, म्हणजे सुमनकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. “जा की,” ती म्हणाली, “तुमच्या धंद्यातलंच काम आहे.” तिच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. त्याच दुपारी तिनं माहेरी एक कार्ड टाकलं. खुशालीचं असेल असं मी धरून चाललो.

नांदुरा ते वडनेर

नांदुरा स्टेशनवर मामा, म्हणजे सासरे, छकडा घेऊन हजर होते. उंच, वाळलेला माणूस, अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा. सोबत पन्नाशीचा एक अबोल गृहस्थ होता. नथ्थू असं त्याचं नाव. त्यानं माझी ट्रंक उचलली, पाण्याचा तांब्या दुसऱ्या हातात घेतला आणि चालू लागला. गडी असावा असं समजून मी त्याच्या हातावर दहा पैसे ठेवले. त्यानं ते कपाळाला लावले आणि खिशात घातले. मामांनी दुसरीकडे पाहिलं.

वडनेर भोलजीपर्यंत दोन्ही बाजूंना काळी जमीन. कापूस निघून गेलेला, पऱ्हाटीच्या काड्या उपटून ढीग लावलेले, आणि भेगा अशा की छत्री घातली तर मुठीपर्यंत जाईल. (मी घातली. मामांना ती ओढून काढावी लागली.) सकाळचे नऊ वाजले नव्हते आणि ऊन डोक्यावर हात ठेवून बसलं होतं. दक्षिणेला लांब डोंगराची निळी ओळ दिसत होती.

“तो घाट,” मामा म्हणाले. “आमी घाटाखालचे. वर अमडापूरले माही मोठी बहीन हाये. काम्प्रेशर तिच्याकडे न्याचा हाये.”

“लांब आहे का?”

“लांब नाई. उंच हाये.”

घरी पोचल्यावर हात-पाय धुण्याआधी मामांनी मला गोठ्यात नेलं. तांब्या उभा होता. तांबूस रंगाचा, मोठ्या वशिंडाचा बैल. मानेच्या मागे, जू बसतं तिथं खांदा सुजून वर आला होता आणि त्यावर हळद-तेलाचा लेप होता. मामांनी बोटाची टोकं नुसती टेकवली. बैलाच्या अंगावर थरकन् काटा आला.

“बोलत नाई म्हनून आपन जोतत राह्यलो,” मामा म्हणाले. “बहिनीच्या विहिरीले खाली खडक लागला. मिरगाच्या आत फोडला नाई तं तिचा मळा गेला. अन् याले घाटात जोतला तं हा गेला. आता तुमी आले, काई चिंता नाई.”

मला त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. मामा, मी इंजिनांची नावं टंकतो, इंजिन उघडलं तर मला आतडी आणि काळीज यांतला फरक कळायचा नाही. वाक्य तयार होतं. पण सासूबाई दारातून “जवाईबापू, ताट वाढलं” म्हणाल्या आणि मी जेवायला गेलो. माझी बहुतेक सत्यं अशीच पाटावर बसली आहेत.

जेवण मात्र सांगण्यासारखं. पातोड्यांची भाजी, म्हणजे बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडलेल्या, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा पडतो. मी दुसऱ्या घासाला डोळे पुसत गूळ मागितला तेव्हा सासूबाईंनी काळजीनं विचारलं, “काऊन, तब्येत बरी नाई का?”

पिंपळगाव राजा

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे एस.टी.नं निघालो. मामा, मी आणि पाण्याचा तांब्या धरून नथ्थू. माझ्या खिशात पेढीची इंग्रजी माहितीपुस्तिका होती. ती दाखवून मी म्हणालो, “मामा, आपल्याला निदान चाळीस घोड्यांची ताकद लागेल.”

“घोडे नाई लागत,” मामा म्हणाले. “बैल सांगा.”

पिंपळगाव राजाला एका मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर पहिली गाडी उभी होती. लहान ट्रक, मागे उघडा हौदा. मालकानं सांगितलं, चालू हालतीत आहे, दर महिन्याला बाजार करते. मी बाह्या सारल्या आणि बॉनेट उचललं. आत इंजिनावर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी हात पुढे केला आणि तिनं माझ्या अंगठ्याला चोच मारली.

“उठवू नका तिले,” मालक घाबरून म्हणाला. “आठ दिवसांत पिल्लं निघतीन. मंग चालू करून दाखवतो.”

मामांनी मला विचारलं, “काय वाटते?”

मी अंगठा तोंडात धरून म्हणालो, “कॉम्प्रेशन कमी आहे.” हा शब्द मी त्याच आठवड्यात टंकला होता. मालकानं मान हलवली, मामांनी मान हलवली. नथ्थू तेवढा कोंबडीकडे पाहत राहिला. गाडी सोडून दिली आणि मी वहीत लिहिलं, ‘पिंपळगाव: नापसंत.’ मला त्या दिवशी प्रथमच वाटलं की हे काम मला जमण्यासारखं आहे.

खामगाव

खामगावात कापसाच्या बाजारापलीकडे गुलाबशेठचं आवार होतं. जवळच्या सरकी काढणाऱ्या जिनातून उडालेला कापूस कुंपणाच्या तारांवर अडकून राहिला होता. गुलाबशेठ पूर्वी बैलांचा व्यापारी. आता तो जुन्या गाड्यांचा व्यवहार करत होता, पण गाडीची ओळख करून देताना तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारायची सवय गेली नव्हती. मामांनी ‘आमचे इंजिनवाले जवाई’ म्हणताच त्यानं खुर्ची पुसली. “इंजिनियरसाहेब, पुण्याचे का? मंग आमी कायले बोलाव? तुमीच पाहा.”

आवारात दोन गाड्या होत्या. एक हिरवीगार. कडेला पिवळ्या वेली रंगवलेल्या, आरशांना लाल गोंडे, आणि भोंगा तीन सुरांचा. दुसरी मातकट रंगाची, लष्करानं काढून टाकलेली. तिच्यात मागाहून डिझेलचं इंजिन बसवलं होतं, काच तडकलेली, आणि डावं दार सुतळीनं बांधलेलं.

मी हिरवीकडे गेलो. भोंगा वाजवला. बरा वाटला म्हणून पुन्हा वाजवला. गुलाबशेठनं ती चालू करून दाखवली, एका हाकेला सुरू झाली. आमच्या पेढीतले इंजिनियर कधीतरी पाण्याचं झाकण उघडून बघतात हे मला आठवलं. मी झाकण फिरवलं. ते का फिरवायचं नसतं हे मला पुढच्याच क्षणी कळलं. वाफेचा आणि गंजलेल्या पाण्याचा फवारा उडाला. सुदैवानं मी घाबरून आधीच मागे पडलो होतो, म्हणून फक्त सदरा गेला. पांढऱ्याचा तो तांबडा झाला.

“वा!” गुलाबशेठ म्हणाला. “असा चेक कोनी करत नाई.”

मग मातकट गाडी चालू केली. ती सकाळच्या म्हाताऱ्यासारखी खोकली, काळा धूर सोडला आणि थरथरत उभी राहिली. मी दोन पावलं मागेच थांबलो. नथ्थू मात्र आल्यापासून तिच्याच खाली जाऊन पडला होता, तोंडावर दुपट्टा टाकून.

“नथ्थू, उठा ना,” मी वैतागून म्हणालो. “कामाला आलोय आपण.”

“ऊन सोसत नाई मले,” तो खालून म्हणाला. “इथं सावली हाये.” थोड्या वेळानं तो हिरवीच्या सावलीत सरकला, आणि मग पुन्हा मातकटीच्या. या माणसाला सावलीतही चवी आहेत असं मला वाटलं.

चहा आला. मामांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, “जवाईबापू, मोकळेपनानं सांगा. कोनती?”

मी मोकळेपणानं सांगितलं. हिरवीचा आवाज, हिरवीचा रंग, हिरवीची ऐट. जवळजवळ पाव तास मी बोललो असेन. बोलता बोलता मलाच ती इतकी आवडू लागली की गोंड्यांना हात लावून आलो. गुलाबशेठ ऐकत होता आणि माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मग मामा आणि गुलाबशेठ समोरासमोर बसले. मामांनी खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारात भाव असाच होतो, हे मी ऐकून होतो: कापडाखाली बोटं दाबायची, तोंडानं आकडा काढायचा नाही. वरून दोघे पावसापाण्याच्या गप्पा मारत होते. खाली दुपट्टा उंदीर शिरल्यासारखा हलत होता. बऱ्याच वेळानं मामांनी हात काढून घेतला.

“नाई जमत. हिरवी आपल्या नशिबात नाई.” ते उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. “खाली हातानं गेलो तं घरचे हासतीन. हे दोरीवालं काय घेसान?”

मला खरंच दिसलं, तो मातकट सांगाडा घाटाच्या पायथ्याशी बंद पडलेला, आणि तांब्याला पुन्हा जुवाखाली घातलेलं. इतका वेळ मी ऐटीत बोललो होतो. आता मी मामांची बाही धरली.

“मामा, ही नका घेऊ! पाया पडतो. आठ दिवस थांबा, कोंबडीवाली बघू. ही घाट चढायची नाही. तांब्याला पुन्हा जोतावं लागेल, मामा!”

माझा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही सांगून टाकतो. गुलाबशेठनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि घाईघाईनं स्वतःचंच उपरणं मामांच्या हातावर टाकलं. दोन चिमट्यांत व्यवहार संपला. वर मागचा ओढायचा आकडा आणि एक जादा चाक त्यानं न मागता दिलं.

परतीची वाट

मी तोंड फिरवून उभा होतो. गाडी आता चालवणार कोण, हा प्रश्न मला सुचलासुद्धा नव्हता. नथ्थूनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला, गाडीच्या चक्रामागे जाऊन बसला, आणि दोन्ही बाजूंना वीत वीत जागा असलेल्या फाटकातून ती गाडी मागल्या पावली बाहेर काढली. मी सुतळीच्या दाराशी तांब्या धरून बघत राहिलो.

गावाबाहेर पडल्यावर मी विचारलं, “नथ्थू, तुम्ही गाडी चालवता?”

“फौजेत हेच चालवली, जवाईबापू. हेच जात. अठरा साल.” तो पहिल्यांदाच एवढं सलग बोलत होता. “इंजिन चांगलं बसवलं. धूर दिसते, तेवढं मी काढतो. कना शाबूत हाये. हिरवीचा कना मोडेल हाये, जोडून वरून रंग देला. काम्प्रेशर लावला असता तं अर्धी गाडी घाटात अन् अर्धी खामगावात.”

मी मामांकडे वळलो. ते समोर रस्त्याकडे पाहत होते.

“मग मला कशाला आणलंत?”

“बैलबाजारात तीन मानसं न्याव लागते,” मामा म्हणाले. “एक जानकार. त्यानं चूप राह्याचं. एक सौदा करनारा. अन् एक असा, ज्याच्या तोंडावर सगळं दिसते. त्याले काई सांगाचं नाई. व्यापारी जनावराकडे नाई पाहत, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहते. नाटक केलं तं लगेच ओयखते.”

“म्हणजे तिसरा मी.”

“तुमच्यासारखा मानूस पंचक्रोशीत नाई भेटला.”

“आणि मला मातकटीच आवडली असती तर?”

मामा आता हसले. “लग्नात दोन घोड्या आनल्या होत्या, आठवते का? तुमी झूलवाली धरली. तिनं तुमाले थेट उकिरड्यावर नेलं. तवाच मी मनात म्हटलं, या मानसाची पसंती पक्की हाये.”

मला राग आला. रागाहून जास्त लाज वाटली. ज्याला मी दहा पैसे दिले तो पारखी, आणि इंजिनियरसाहेब म्हणवून घेणारा मी बाजारातलं बुजगावणं. मग विचारलं, “तुम्हाला कधी कळलं, मला काही येत नाही ते?”

मामांनी बंडीच्या खिशातून एक कार्ड काढून दिलं. सुमनचं अक्षर. ‘त्यांना इंजिनातलं काही कळत नाही. पण तसं त्यांना म्हणू नका, वाईट वाटेल. मनात एक आणि तोंडावर दुसरं, हे त्यांना जमत नाही. याचा काही उपयोग होत असेल तर बघा.’

मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात नथ्थूनं एका हातानं खिसा चाचपला आणि माझे दहा पैसे माझ्या तळहातावर ठेवले. “हे तुमाले,” तो म्हणाला. “आज मेहनत तुमी केली.”

घाट

नथ्थूनं एक दिवस इंजिन सोलून पुन्हा बांधलं. धूर कमी झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे कॉम्प्रेसरचा दांडा गाडीच्या आकड्याला जोडला. मामा आधी गोठ्यात गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण तांब्याची मान त्यांच्या खांद्यावर होती. मग येऊन गाडीत बसले.

दुपारी घाटाच्या पायथ्याशी निंबाखाली थांबलो. सासूबाईंनी बांधून दिलेले रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, फोडून वर तूप, आणि सोबत वांग्याची भाजी. मी तीन खाल्ले. नथ्थू म्हणाला, दोनच खायचे असतात, पुढे चढ आहे. चढ गाडीला आहे असं मी समजत होतो.

“जवाईबापू,” मामांनी रस्त्याकडेचा एक चांगला दोन हातांत मावेल असा दगड दाखवला, “तुमी मांगं चाला. गाडी थांबली का काम्प्रेशरच्या चाकामांगं हा ठेवा. ओझं मांगं सरकलं तं गाडीले घेऊन जाते.”

अशा रीतीनं पुण्याचा इंजिनियर छातीशी दगड धरून, पोटात तीन रोडगे घेऊन बुलढाणा जिल्ह्याचा घाट चढू लागला. पुढे गाडी गुरगुरत होती, तिच्यामागे ते लोखंडी धूड, त्याच्यामागे मी. सागाची झाडं उघडी पडलेली, पळस मात्र अजून थोडा थोडा पेटलेला. खाली वळून पाहिलं की काळी जमीन थेट तापीच्या बाजूला पसरलेली दिसे. ते दृश्य सुंदर होतं, पण दगडामुळे मला त्याचा वरचा अर्धाच भाग दिसला.

तिसऱ्या वळणावर वरून शेळ्यांचा कळप आला आणि नथ्थूला गाडी थांबवावी लागली. शेळ्या गेल्या. गाडी पुन्हा निघताना इंजिन एकदा गचकलं आणि बंद पडलं. मग मला दिसलं की कॉम्प्रेसर माझ्याकडे येतोय. हळू, पण येतोय. “ब्रेक धरत नाई!” नथ्थू ओरडला. “मांगून हटा!”

डाव्या बाजूला डोंगर होता, उजव्या बाजूला दरी. मला पळायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पाय हलले नाहीत. चाक वीतभर आलं, हातभर आलं, आणि भीतीनं माझी बोटं सुटली. दगड खाली पडला. तो चाकाच्या बरोब्बर मागे पडला. चाक त्यावर अर्धं चढलं, कुरकुरलं आणि थांबलं. मी तिथंच उभा होतो, दगड धरल्यासारखे हात पुढे करून.

मामा धावत आले. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग चाक, मग मला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि नथ्थूनं इंजिन पुन्हा चालू केलं.

अमडापूर

मामांची बहीण, म्हणजे आत्याबाई, मळ्याच्या तोंडाशी वाट पाहत होत्या. पांढरं लुगडं, कंबरेत वाकलेल्या, हातात पाण्याची घागर. मागे वांग्यांचे आणि मिरचीचे वाफे, अर्धे वाळलेले. विहिरीत तळाला घमेलंभर पाणी उरलं होतं, ते मला नंतर दिसलं. त्या घागरीतलं पाणी त्यांनी गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर ओतलं, दुरून आलेल्या बैलांच्या पायांवर ओततात तसं, आणि बॉनेटला कुंकू लावलं. गाडी गरम होती, बोट चटकलं, तरी त्यांनी हात काढला नाही.

“हेच का इंजिनवाले जवाई?” त्यांनी विचारलं.

“हाव,” मामा म्हणाले. “यायच्यामुयेच भेटली गाडी.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. मामांचा दुपट्टा आमच्या दोघांच्या मध्ये लोंबत होता. त्याच्याखालून त्यांनी माझी बोटं घट्ट दाबली. त्या बोलीतला मला एकही आकडा येत नाही, पण एवढं मला कळलं आणि मी गप्प बसलो.

चार दिवस राहिलो. कॉम्प्रेसर धडधडायचा, भोकं पडायची, मग सगळ्यांना लांब पिटाळून सुरुंग. तिसऱ्या सुरुंगानंतर धूर खाली बसला आणि खडकाच्या भेगेत ओल दिसली. आत्याबाई दोर धरून वाकल्या होत्या. ओलीची करंगळीएवढी धार झाली तेव्हा त्यांनी दोर सोडला. वाफ्यात जाऊन सुकलेली पानं खुडत बसल्या. मामा विहिरीकडे पाठ करून दुपट्ट्यानं तोंड पुसत होते, आणि पुसायला बराच वेळ लागत होता.

पुणे

घरी पोचलो तेव्हा सुमन स्वयंपाकघरात होती. माझ्याआधी मामांचं पत्र पोचलं होतं, पण हे मला माहीत नव्हतं. मी हात-पाय धुऊन बसलो आणि बोलायला सुरुवात केली. लष्करी गाडीचा कणा हिरव्या गाडीहून का बरा, जुन्या धडात नवं इंजिन बसवताना काय पाहावं लागतं, असं नथ्थूचं सगळं ज्ञान मी माझ्या आवाजात ऐकवलं. ती पोळ्या लाटत “हो का” म्हणत होती.

“आणि घाटात?” तिनं विचारलं. “दगड लावलात म्हणे वेळेवर. फार जड होता का?”

मी पोळीचा तुकडा मोडला, तो तसाच ठेवला. हे तरी खरं सांगावं असं वाटलं.

“मी नाही लावला,” मी म्हणालो. “हातातून सुटला.”

तिनं पीठ लागलेल्या बोटांनी डब्यामागचं पत्र काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मामांचं मोठं, वाकडं अक्षर. नेहमी ते पत्रात शुद्ध लिहायचा प्रयत्न करतात, पण शेवटच्या ओळीत तो सोडून दिला होता.

‘दगड हातातून सुटला, थे म्या पाह्यलं. पन जवाईबापू जागचे हालले नाई.’